लख्ख उन्हातले धुके

मित्रांनो, मी किलार्नी गावची एक जुनी घोडागाडी आहे. माझी चाके आता फिरत नाहीत. बोलण्याची हौस मात्र अजून आहे, कारण सत्तावीस वर्षे मी एका बडबड्या माणसाला अंगावर वागवले. त्याचे नाव थॅडी मॉयनिहन.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. दांड्या घोडीच्या अंगाला घासू नयेत म्हणून त्याने त्या काचेच्या तुकड्याने तासून लोण्यासारख्या मऊ केल्या. थॅडी रोज संध्याकाळी मला बघायला यायचा.

"अरे, मुलगी बघायला येतोस की गाडी?" सुतार चिडवायचा.

"मुलगी एकदा बघून चालतं," थॅडी म्हणायचा. "हिच्यावर पोट आहे माझं."

मग सुरू झाली आमची वर्षे. तळ्याकाठचा किल्ला, तिथून पडका मठ, तिथून रानातून धबधबा आणि परत गावात. पुढे घोडी (शेवटची दहा-बारा वर्षे जेस), मध्ये थॅडी, मागे समोरासमोरच्या बाकांवर पाहुणे. थॅडीच्या थापांनी पाहुणे हसून हसून बेजार व्हायचे. रानात शिंगवाले हरीण दिसले की तो टोपी काढून सांगायचा, "हा माझा कॉर्क शहरातला चुलतभाऊ. घरात आला तरी टोपी काढत नाही, इतका गर्विष्ठ." दूरदूरच्या देशांतून त्याला नाताळची शुभेच्छापत्रे यायची. त्यांत माझाही उल्लेख असायचा. तो ती पत्रे मला वाचून दाखवायचा. धक्के झेलणाऱ्या माझ्या लोखंडी कमानींना वंगण, चाकांना पाणी, गाद्यांना ऊन, यात त्याने एक दिवसही कसूर केली नाही.

चार वर्षांपूर्वीच्या वसंतात मला पहिल्यांदा काहीतरी वेगळे जाणवले. जेसला जुंपताना थॅडीची बोटे पट्ट्याचे बक्कल शोधत माझ्या दांडीवर फिरू लागली. पूर्वी ती तिथे आपोआप जात. आमच्या मागे मॉसी ओशे याची गाडी उभी असायची. त्याने ते पाहिले आणि पुढे येऊन स्वतःच बक्कल लावले.

"काय रे म्हाताऱ्या, बोटांना लोणी लागलंय का?"

"डोळ्यांपुढं जरा पांढरं येतं," थॅडी हळूच म्हणाला. "मोतीबिंदू असेल. हंगाम संपू दे, हिवाळ्यात काढून टाकतो. कुणाजवळ बोलू नकोस, मॉसी. नोरीनला कळलं तर ती मला उद्याच घरी बसवेल."

नोरीन ही त्याची लिमरिकला राहणारी मुलगी.

"मी कशाला बोलतोय? बायकोजवळसुद्धा नाही बोलायचा," मॉसी म्हणाला.

त्या दिवसापासून मॉसी रोज सकाळी जेसला जुंपून द्यायचा. पाहुण्यांनी हात मिळवायला पुढे केला की थॅडीच्या पाठीला हळूच धक्का द्यायचा, म्हणजे थॅडी हात पुढे करायचा. तो हिवाळा आला आणि गेला. थॅडी डॉक्टरकडे गेला नाही, मॉसीनेही त्याला विचारले नाही. मित्रांनो, मला तेव्हा वाटायचे, असा दोस्त मिळायला भाग्य लागते.

पुढच्या ऑक्टोबरात स्लायगोहून दोन बहिणी आल्या. थोरली नॅन, विधवा, बोलायला गोड. धाकटी उना, निवृत्त शिक्षिका, जिभेला धार. नॅनची सत्तरी होती म्हणून दोघी फिरायला निघाल्या होत्या.

"गाडी उलटली तर मी नॅनच्या अंगावर पडेन," उना चढताना म्हणाली. "ती मऊ आहे."

"आणि मी पडले तर तुझी हाडं टोचतील," नॅन म्हणाली.

थॅडी खळखळून हसला. आम्ही निघालो. असा दिवस वर्षात दोन-तीनदाच उगवतो. आभाळ निळेभोर, तळे आरशासारखे, झाडे तांब्याच्या रंगाची. वारा नाही, ढग नाही. किल्ल्यापाशी नेहमीच्या जागी जेस आपण होऊन थांबली. थॅडीने चाबकाचे टोक तळ्याकडे केले.

"काय करणार, ताई," तो हळहळत म्हणाला, "आज धुक्यानं दगा दिला. नाहीतर इथून पलीकडचा डोंगर इतका जवळ दिसतो, की हात लावावासा वाटतो."

बहिणींनी एकमेकींकडे पाहिले.

"धुकं?" उना म्हणाली. "अहो, कुठं..."

नॅनने तिचा गुडघा दाबला. "असू द्या हो. तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो."

थॅडी सांगू लागला. उजवीकडे बेट, त्यावर पडक्या भिंती, भिंतीमागे ओकची झाडे. डावीकडे डोंगर, त्याच्या खांद्यावर तपकिरी झालेली नेच्याची झुडपे. काठाला बांधलेल्या होड्या. सगळे जिथल्या तिथे होते. एक शब्दसुद्धा चुकला नाही. नॅन त्याच्या शब्दामागून नजर फिरवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

मठापाशी थॅडी जेसला पाणी पाजायला उतरला, तेव्हा उना कुजबुजली, "नॅन, या माणसाला दिसत नाहीये. आपण इथंच उतरायचं."

"भर रस्त्यात अपमान करायचा त्याचा? घोडीला रस्ता पाठ आहे. धबधबा बघू आणि गुपचूप परत जाऊ."

"घोडीला रस्ता पाठ असेल. पण रस्त्यात आयत्या वेळी कोण येईल, ते कुणाला पाठ असतं?"

"माझी सत्तरी आहे ना? मग आजच्या दिवस माझं ऐक."

उना नाक मुरडून मागे टेकली. मला ओरडून सांगावेसे वाटले, उनाचे ऐका. पण आमच्यासारख्यांना फक्त करकरता येते, आणि जुन्या गाडीच्या करकरण्याकडे कोण लक्ष देतो?

धबधब्याच्या वाटेवर रान दाट आहे. त्या दिवसांत हरणांचे नर डुरकत असतात. एका वळणाच्या अलीकडे जेस गपकन थांबली. थॅडीने जीभ टाळूला लावून आवाज केला. ती हलली नाही.

"चल गं बाई," तो म्हणाला. "पाहुण्यांपुढं हट्ट नको."

ती हलली नाही. रानातून नराचे डुरकणे ऐकू आले आणि थॅडीला वाटले, ही त्यालाच घाबरली. त्याने लगाम झटकला. मग चाबूक उचलला. मित्रांनो, तो चाबूक इतकी वर्षे फक्त माश्या उडवायला होता. त्या दिवशी त्याने तो जेसच्या पाठीवर ओढला. तिच्या अंगाचा थरकाप माझ्या दांड्यांमधून चाकांपर्यंत आला. तरी तिने पाऊल टाकले नाही. थॅडीने दुसऱ्यांदा हात वर नेला.

"थांबा!" उना उभी राहून किंचाळली. "पोर आहे! खाली पोर आहे!"

जेसच्या पायांपासून हातभर अंतरावर पिवळ्या कोटातली दोन वर्षांची मुलगी मातीत बसली होती आणि झाडाखाली पडलेली लाल फळे गोळा करत होती. वळणामागून तिची आई धावत आली. तिने मुलीला उचलले आणि ती ओरडली, "डोळे फुटलेत का तुमचे?"

थॅडीचा हात वरच राहिला होता. तो हळूहळू खाली आला.

"हो, बाई," तो म्हणाला. "फुटलेत."

ती बाई मुलीला छातीशी धरून निघून गेली. थॅडी उतरला. माझी दांडी चाचपत जेसच्या मानेपर्यंत गेला आणि तिथे त्याने कपाळ टेकले. मग म्हणाला, "ताई, तुमच्यापैकी कुणाला गाडी हाकता येते?"

"बापाच्या शेतावर गाढवाची हाकलीय," उना म्हणाली.

"मग या पुढं. जेस सांभाळून घेईल."

थॅडी पहिल्यांदाच माझ्या मागच्या बाकावर बसला, नॅनच्या समोर.

"आज धुकं नव्हतं ना?" त्याने विचारले.

"नव्हतं," नॅन म्हणाली.

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

नॅन मान वळवून रस्त्याकडे पाहू लागली.

पंधरा दिवसांनी नोरीन मॉसीला घेऊन माझ्या शेडमध्ये आली. तिने बाबांना कॉर्कच्या डॉक्टरांना दाखवून आणले होते.

"मोतीबिंदू नाहीये, मॉसीकाका. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, वर्ष-दीड वर्ष आधी आणलं असतं, तर होती तेवढी टिकवता आली असती." ती थांबली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

मॉसी उलट्या बादलीवर बसला. "मी त्याला शब्द दिला होता गं."

"आणि तुम्ही तो पाळलात," नोरीन म्हणाली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

जेसला क्लेअर परगण्यातला एक माणूस घेऊन गेला. थॅडी लिमरिकला मुलीकडे गेला. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. गादीत उंदरांनी घर केले. एका पावसाळी आठवड्यात छत गळले आणि माझी एक कमान गंजून तुटली. शेवटी एका हॉटेलवाल्याने मला नेले. माझी चाके सिमेंटमध्ये पुरली आणि बाकांवर फुलांच्या कुंड्या ठेवल्या.

गेल्या उन्हाळ्यात नोरीन थॅडीला तिथे घेऊन आली. तिने पुढच्या बैठकीवरची कुंडी उतरवली आणि त्याला वर चढवले. त्याने हात पुढे केले. तिथे लगाम नव्हता. हात तसेच गुडघ्यांवर ठेवून तो ताठ बसला. तेवढ्यात काही पाहुणे आले. त्यांना वाटले, हॉटेलनेच गाडीवर एक म्हातारा बसवला आहे. ते दोन्ही बाजूंनी उभे राहिले, फोटो काढले, हसले. थॅडी एखादी थाप मारेल म्हणून मी वाट पाहिली. तो एक शब्दही बोलला नाही.

"चला, बाबा," नोरीन म्हणाली. "बसची वेळ झाली."

त्यानंतर तो आला नाही. आता येईल असे मला वाटत नाही.

मित्रांनो, माझी चाके सोडवा, मला रंग द्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. त्याला आता उशीर झाला. एवढेच सांगते. तुमच्या घरातले कुणी समोरचा चहाचा कप हाताने चाचपू लागले, तर तो कप हळूच त्याच्या हाताजवळ सरकवून गप्प बसू नका. तो रागावला तरी चालेल. त्याला विचारा, आणि त्याच दिवशी विचारा.