निवडलेले तेवढेच

“काळीपाटी, सापडला का पुरवठादारांचा जुना पत्रव्यवहार? साहेब डोकं खाताहेत माझं!” शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका करवादली.

सगळं ऑफिस त्यांना काळीपाटी म्हणायचं. मेल बघायला बाकीच्यांकडे रंगीबेरंगी पडदा. यांच्याकडे काळ्यावर पांढरी अक्षरं आणि सगळा कारभार कीबोर्डवर. “आपल्याला भपका चालत नाही,” हे वर. फोल्डरची यादीही त्यांनी ऐटीत बेतून घेतली होती: निवडलेले तेवढेच दाखव, उगाच पसारा नको. पुरवठादार त्यात नव्हते, म्हणून आज त्यांनी सेटिंग बदलून ‘सगळे फोल्डर दाखव’ केलं.

यादी लांबली. पुरवठादार सापडले. आणि त्यांच्याच वर एक ओळ होती: ‘घर’. पुढे न वाचलेल्या मेलची खूण.

काळीपाटींनी तो फोल्डर उघडला. बहिणीचे मेल कामात लुडबुडायला नकोत, ते परस्पर या फोल्डरात जावेत, असा नियम त्यांनीच घालून दिला होता. पण हे शहाणे तो फोल्डर यादीत निवडायलाच विसरले होते!

‘दादा, आईनं अंथरूण धरलंय. कामावर फोन करू नको म्हणतोस, म्हणून लिहितेय.’

‘दादा, आई सारखी दाराकडे बघते.’

‘दादा, येतोस ना?’

“अरे देवा! हे काय करून बसलो मी!”

मेल जुने होते. आई गेल्याचा फोन आला तेव्हा ते धावतपळत पोचले होते, आणि भरल्या घरात बहिणीवर तोंड सोडलं होतं. “एका शब्दानं कळवलं नाहीस?” ती रडत म्हणाली होती, “कळवलं होतं रे.” “खोटारडी!” तेव्हापासून बोलणं बंद होतं.

“अहो, काय झालं? चेहरा केवढा उतरलाय!” टंकलेखिका घाबरली.

“तुमचं सापडलंय. बघा तुम्ही,” म्हणत ते जिन्यात आले. बहिणीला फोन लावताना नंबर दोनदा चुकला.

“बोल,” पलीकडून बहीण कोरडेपणानं म्हणाली.

“अगं, तुझे मेल... आत्ता दिसले मला. माझ्याच चुकीनं झाकले गेले होते. तू खरं बोलत होतीस गं.”

“आई रोज विचारायची, दादाचं उत्तर आलं का,” ती म्हणाली. “मी सांगायचे, आलंय, निघालाय तो. तेवढं एक खोटं बोलले मी, दादा.”

काळीपाटी पायरीवर बसले. वरून साहेब उतरत आले, तरी ते उठले नाहीत.