शेठजींचं खाकरणं

शाळेच्या संमेलनात पडदा म्हणून सुतळीवर टांगलेली चादर सरलाबाईंनी जरा सारली आणि पहिल्या रांगेकडे बघून झटकन परत ओढून घेतली.

किशनलाल शेठ आले होते. सुरतेला गेलेला माणूस नेमका आजच परतला.

चादरीमागे कंकू उभी होती. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात शिकणारी, शेठजींची धाकटी सून. डोक्याला पगडी, ओठावर काजळाची मिशी. मॅट्रिकपर्यंत शिकू द्यायचं, हे लग्नातच ठरलं होतं. नाटकाचं कुणी काही ठरवलं नव्हतं.

तळोद्याच्या त्या शाळेत मुलींचे छोटे छोटे प्रवेश बसवायला घेतले तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "म्हातारा घरात कसा येतो, दाखवा बघू." बाकीच्या कमरेत वाकल्या. कंकू नुसती खाकरली. पोरी हसून लोळल्या आणि कंकूनं जीभ चावली. कुणाचं खाकरणं, हे बाईंनी विचारलं नाही. ते दारात ऐकू आलं की घरातल्या सुनांनी हनुवटीपर्यंत पदर ओढायचा, एवढं त्यांना ठाऊक होतं.

आता कंकू अडून बसली. "मी नाही करत, बाई. सासऱ्यांसमोर उघडं तोंड? उद्यापासून शाळा बंद. परीक्षेलाही बसू देणार नाहीत."

"मंग मी पानी कोनले देऊ? भीतले?" म्हातारीचं काम करणारी जसोदा तांब्या घेऊन तयार होती.

बाईंनी पदर खोचला आणि त्या सरळ खाली गेल्या. हेडमास्तर शेठजींना हार घालत होते. शाळेच्या छपराचे पत्रे शेठजींनी दिलेले. त्यांना मागे बसा म्हणायची मास्तरांची छाती नव्हती.

"शेठजी, पुढच्या प्रवेशात तुमची सून आहे."

शेठजींनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

"बोलणार काय ती?"

"बोलणार. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलणार. आणि यापायी तिची शाळा सोडवलीत, तर मी रोज तुमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसेन."

"सरलाबाई!" हेडमास्तरांना घाम फुटला.

शेठजींचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

"दोन वरस झाले, बाई, सून घरात हाय. आवाज नाही ऐकला मी तिचा."

कंकू बोलते, हसते, भांडते, हे उभ्या तळोद्याला माहीत. घरच्या कर्त्यालाच तेवढं माहीत नाही. असली आमची रीत.

शेठजी उठले. बाईंना वाटलं, चालले. पण त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि चादरीकडे पाठ करून बसले. मागच्या साऱ्या रांगा त्यांच्या तोंडासमोर आल्या.

"शेठले राग उना वाटस," कुणीतरी कुजबुजलं.

मग शेठजी खाकरले. घराच्या दारात खाकरायचे तसेच.

चादरीमागे कंकूचा हात आपोआप डोक्याकडे गेला. पदर नव्हता, पगडी होती. बाई धावत आत आल्या. त्यांनी चादरीची कड बोटभर सारली. कंकूनं फटीतून पाहिलं. शेठजींची पाठ दिसत होती.

मग तिनं पगडी नीट केली आणि ती बाहेर आली. दोन पावलं टाकून खाकरली. हुबेहूब. सगळ्या माना शेठजींकडे वळल्या. शेठजी समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"पानी आन! घर शे का धरमशाळा?"

"धरमशाळाच शे," जसोदानं तांब्या आदळला. "फुकट खाई ऱ्हायना ना तू!"

हशा उसळला. कंकूचा आवाज चढत गेला, पत्र्यांवर आदळून खाली येऊ लागला. शेठजींचे खांदे मधूनमधून हलत होते. मागच्या रांगांना त्यांचं तोंड दिसत होतं. चादरीपाशी उभ्या बाईंना ते दिसत नव्हतं.

प्रवेश संपला. टाळ्या झाल्या. शेठजी वळले नाहीत. त्यांनी दोन्ही हात आपल्या पगडीच्याही वर, मागून दिसतील इतके उंच नेले आणि मग टाळ्या वाजवल्या.