काचपेटीतल्या बेडकीची नागपंचमी

मी माथेरानच्या बंगल्यातली बेडकी बोलतेय. हसू नका. अंगठ्याच्या पेरायेवढी असले तरी वयानं थोरली हाय. या काचपेटीत माझाच शब्द चालतो. ऐकायला माझ्या नातीशिवाय, चिंधीशिवाय कोण नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

मी ओढ्याकाठी जन्मले. गोऱ्या साहेबानं मला अन् बारक्या चिंधीला धरून इथं ठेवलं, वर काचेचं झाकण. शेवाळ मऊ, पाणी गोड. पण शेजार कसला दिला मेल्यानं? माशीखाऊ झाडांचा. एक चिकट, डास धरून बसणारं. दुसऱ्याला हिरव्या सुरया लोंबतात. आत पाणी, काठ बुळबुळीत, वर फण्यासारखं पान. आत गेलेली माशी परत आलेली मी नाय बघितली. मला दिवसभर एकच घोर, चिंधी त्या काठावर चढंल.

"सुरईत तुझी सासू बसलीय गं," मी भ्या घालायची. ती नुसती हसायची.

पावसाळ्यात साहेब पालखीत बसून पुण्याला उतरला. बंगला राखायला माळी धाऊ अन् त्याची बायको सोनाबाई. एका सकाळी मुंगीमागं चिंधी चढली अन् डुबुक. आतून आवाज आला, "आजी, अंगाची आग होतेय गं." मी ओरडून घसा फोडला. दुसरं काय करणार?

तेवढ्यात सोनाबाईनं झाकण काढलं. हातात लाह्या अन् दुधाचा तांब्या. नागपंचमी होती.

"अगं, झाड हाय ते," धाऊ म्हणाला.

"झाडाला फणा असतो व्हय? जितं गिळतंय ते. नाग नाय तर काय तुझा मामा हाय?"

बेडकीच्या घरात नागाची पूजा, बघा. तिनं हळदकुंकू वाहिलं अन् चिंधीच्याच सुरईत दूध ओतलं. मी डोळे मिटले. दूध काठाला आलं, अन् दुधावर तरंगत चिंधीपण. टुणकन खाली, पांढरीफटक.

"नागोबानं पोर परत दिलं," सोनाबाईनं हात जोडले.

पुढं दूध नासलं, सुरई काळी पडली. वास जावा म्हणून धाऊनं झाकणाखाली काठी लावून ते जरा उचलून ठेवलं.

"साहेब काय म्हणंल रं?" सोनाबाई रडवेली झाली. मला तिची कीव आली, पण मला फटही दिसली. चिंधी मला सोडून हलंना. म्हटलं, "बाहेर मुंगळ्यांची पंगत बसलीय. पळ, मी आलेच." ती फटीतून टुणकन बाहेर.

माझे पाय आता तेवढी उडी घेत नायत. तिला ते सांगितलं नाय.

काठी निघालीय, झाकण परत बसलंय. नवी सुरई फुटतेय. माझं जाऊ द्या. बाहेर खरे नाग हायत, घोड्यांचे खूर हायत. तुमी या वाटेनं आलात तर पाय जपून टाका. ओढ्याकडं बेडकी ओरडली तर जरा थांबा, अन् मला येऊन सांगा, आवाज बारीक होता का.