बिनकानाचा कप

मी कान तुटलेला कप बोलतोय. भिंतींनाही कान असतात म्हणे. मला एकच होता, तोही गेला. तरी ऐकण्यात मी कुणाला हार जात नाही.

या घरात आम्ही सहा भाऊ आलो, सगळेच अंगाने थोराड, चहासाठी जरा जास्तच. पाच जण पाहुण्यांसमोर मिरवले आणि एकेक करून फुटले. माझा कान लवकर तुटला, म्हणून आईने मला पिठाच्या डब्यात टाकलं आणि मी वाचलो. आई म्हणजे घराची मालकीण. मीही तिला आईच म्हणतो.

वरच्या खोल्यांत भाडेकरू असायचे, कुठून कुठून आलेले. घरची आठवण आली की ते आईच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. परिचारिकेने नारळाच्या दुधातला रस्सा शिकवला, बोटीवरच्या आचाऱ्याने लसणाचा पाव आणि एका अबोल घड्याळजीने टोमॅटोभात. तो कांदा चिरताना रडायचा आणि खापर कांद्यावर फोडायचा. प्रत्येकाची मापं निराळी. आई म्हणायची, "ते तुमचं राहू द्या, आमच्याकडे हा कप आहे." मग ते मुठीने घालायला लागले की आई मला मध्ये धरायची, मोजायची आणि वहीत लिहायची: तांदूळ दोन कप, टोमॅटो चार नग. काय तोरा होता माझा तेव्हा!

पुढे खोल्या रिकाम्या झाल्या. आई आजारी पडली, तिचे हात थरथरू लागले आणि अन्नावरची वासनाच उडाली. लेक तिच्याजवळ राहायला आली. आवराआवरीत तिने मला डब्यातून काढून खिडकीत ठेवलं आणि माझ्यात बटणं भरली. पिठात माझ्या जागी आला एक नवाकोरा, रेघा आखलेला मापाचा कप.

एके दिवशी आईने टोमॅटोभात मागितला. महिन्याभरात तिने आपण होऊन मागितलेली ही पहिलीच गोष्ट. लेकीने वहीतलं अक्षरन् अक्षर पाळलं. आईने एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

"आंबट झालाय गं."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लेकीचा धीर सुटला. "आई, तू यात काहीतरी लिहायचं राखून ठेवलंयस!"

"दोन कप म्हणजे दोन कप! त्यात काय राखून ठेवायचंय?"

दोघीही खरं बोलत होत्या. मला ओरडावंसं वाटलं, पण तोंडभर बटणं.

चौथ्या दिवशी आई भिंत धरत धरत स्वतःच ओट्यापाशी आली. सवयीने तिने डब्यात हात घातला आणि नवा कप बाहेर काढला.

"हे काय? माझा कप कुठाय?"

"कुठला कप?"

"अगं, तो बिनकानाचा!"

लेक खिडकीकडे बघतच राहिली. मग तिने बटणं ओतली, मला धुतलं आणि नव्या कपाने माझ्यात पाणी भरलं. एक पूर्ण कप मावला, वर जवळजवळ अर्धा.

"अगं बाई! म्हणजे मी तांदूळच कमी घेत होते."

त्या दुपारी आईने ताट अगदी चाटूनपुसून संपवलं. लेक ओट्याकडे तोंड करून डोळे पुसत म्हणाली, "कांदा फार तिखट होता आज." कांदा तर केव्हाच भातात शिजला होता.

मला तडा गेलाय. धुताना तो तिला दिसला. म्हणून तिने चमच्याने पाणी मोजत मला काठोकाठ भरलं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: आईचा एक कप म्हणजे बावीस चमचे.

आईने चष्मा लावून वाचलं. "कुठला चमचा?"

दोघी हसत सुटल्या. आता तो चमचा दोऱ्याने वहीला बांधलेला आहे.

मी पुन्हा पिठात आलोय. आज ना उद्या फुटेन, पण आता भात आंबट व्हायचा नाही, म्हणून भीती वाटत नाही. तुमच्या घरीही अशी एखादी वही असेल. ती लिहिणारी समोर आहे तोवर तिला एकदा विचारून घ्या, "कुठला कप?"