तीन तुळया कुजल्या, अकरा शाबूत

मित्रांनो, मी एक जुनी बराक आहे. बराक म्हणजे सैनिकांचं राहतं घर. माझ्या काळ्या दगडी भिंती दोन हात जाडीच्या आहेत. बांधणारा गवंडी म्हणायचा, "खिडक्या रुंद ठेवा, झरोके उंच काढा. पोरं दमून येतील, त्यांना वारा हवा." म्हणूनच मी भर उन्हाळ्यातही गार असते.

माझ्या एकेका दालनात चाळीस खाटा असत. मिशीवाले हवालदार आले, की चाळीस पाठी ताठ होत. एकदा नव्याने भरती झालेला एक जवान कमानीआड रडत होता. हवालदार त्याच्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "मीसुद्धा पहिला आठवडा उशीत तोंड खुपसून रडलो होतो. पण कुणाला सांगू नकोस हं, माझा दरारा जाईल!" जवान रडता रडता हसला. मी ते गुपित इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं.

पुढे पलटण दुसरीकडे गेली. माझ्यात मोडक्या खुर्च्या कोंबल्या आणि दाराला कुलूप लागलं. छपराच्या पन्हळीत पाला साचला, पाणी आत मुरलं. शेवटी मला पाडायचं ठरलं.

तपासणीला इंजिनिअरबाई आल्या. पाडकामाचा ठेकेदार म्हणाला, "बाई, धोकादायक लिहा आणि मोकळ्या व्हा."

बाईंनी एका म्हाताऱ्या सुताराला बोलावून आणलं. त्याने शिडीवर चढून प्रत्येक तुळईवर हातोडी वाजवली, कान लावून ऐकलं. माझा जीव टांगणीला लागला होता!

तो खाली उतरला. "चौदांतल्या तीनच कुजल्यात. बाकीच्या माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. डोकं दुखतंय, तर अख्खं माणूसच पुरायला निघालात होय?"

बाई खळखळून हसल्या. त्यांनी कागदावरचं 'पाडावी' खोडलं आणि 'दुरुस्त करावी' असं लिहिलं.

आता माझ्यात परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुली राहतात. बंदुकांच्या खोबणीत छत्र्या ठेवतात, व्हरांड्यात मोठमोठ्याने हाडांची नावं पाठ करतात. मलाही निम्मी पाठ झाली आहेत.

मित्रांनो, जुन्या वास्तूला हारतुरे नकोत, कौतुकाची भाषणंही नकोत. वर्षातून एकदा कुणीतरी शिडी लावून वर चढावं आणि विचारावं, "काय आजी, कुठे गळतंय का?" एवढं पुरे.