पेसमेकरचे नव्वद ठोके

अतिदक्षता विभागात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर म्हणताना पुढे ‘सिस्टर’ जोडत, एवढीच काय ती अदब. नाव पाडलं होतं मोठ्या सरांनी, म्हणजे हृदयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या मुख्य सर्जननी. कारण दोन वर्षांपूर्वी तिने प्रत्येक पेशंटच्या तक्त्यात स्वतःच्या हाताने एक जादा रकाना आखला होता. ज्याच्या घशात श्वासाची नळी आहे, त्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही. मग ते आपण बघून मोजायचं, असं तिचं म्हणणं. चेहरा, हातापायांची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी पटतंय की नाही, अशा चार गोष्टी. प्रत्येकीला दोनपर्यंत गुण. बेरीज तीन किंवा वर गेली, तर माणसाला दुखतंय असं धरायचं. आता कपाळाच्या आठ्यांनाही मार्क द्यायचे का, म्हणून लोक हसले होते. हसोत बापडे. तिने तो रकाना एकही दिवस रिकामा सोडला नव्हता.

त्या दिवशी तीन नंबरच्या पलंगावर एक घड्याळजी होते. आदल्या दिवशी छाती उघडून त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती. दुपारी चारला नळी काढायची, म्हणून गुंगीचं औषध सकाळीच कमी केलेलं. जाग अर्धीमुर्धी. तिने वाकून सांगितलं, "काका, दुखत असेल तर डोळे मिटा." त्यांनी डोळे मिटले, पण ते मिटलेलेच राहिले. आता हे उत्तर की झोप, कोणी सांगावं?

भेटीच्या वेळी घड्याळजींची बायको आली. बाई धीराची आणि नवऱ्याच्या कौतुकात आकंठ बुडालेली. यांना दुखणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही, दाढ उपटली त्याच दिवशी दुकान उघडून बसले होते, हे तिने ज्युनिअर डॉक्टरला दोनदा ऐकवलं. मग मॉनिटरकडे बोट दाखवून म्हणाली, "बघा ना, मघापासून नव्वदचे नव्वद. घड्याळजीचंच काळीज, ठोका चुकेल कसा?"

अकराला मोजपट्टीने आणि वॉर्डातल्या मावशींनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं. भुवया गाठ मारल्यासारख्या जवळ आल्या, हात छातीकडे धावला, कोपर वाकवायला जावं तर नुसतं लाकूड, आणि व्हेंटिलेटर केकाटू लागला. सहा गुण. पाठीवर निजवलं की पाच मिनिटांत पुन्हा एक.

तिने ज्युनिअर डॉक्टरला सांगितलं. पोरगा नवा असला तरी कामचुकार नव्हता. त्याने मॉनिटर पाहिला, रक्तदाब पाहिला आणि मान हलवली. ठोके जराही वाढले नव्हते, बायकोही दुखत नाही म्हणत होती. उगाच वेदनाशामक दिलं तर श्वास मंदावेल आणि चारची नळी उद्यावर जाईल. त्याची भीती खोटी नव्हती. पण तिला दुसरी भीती होती. छाती दुखणारा माणूस अर्धाच श्वास घेतो, खोकत नाही, कफ साठतो. आणि चारला काढलेली नळी संध्याकाळी पुन्हा घालावी लागते. तसं होताना तिने पाहिलं होतं.

ती तक्ता घेऊन उभी राहिली. निजलेले असताना नव्वद. वळवताना नव्वद. कफ ओढताना नव्वद. माणसाचं हृदय इतकं शिस्तीचं नसतं. तिने सलाइनच्या स्टँडमागे हात घातला. तिथे मुठीएवढी पेटी टांगलेली होती, तात्पुरता पेसमेकर. हृदयाला जोडलेल्या दोन बारीक तारा तिच्यात येत होत्या आणि आकडा लावला होता नव्वद.

तिने डॉक्टरला हाक मारली आणि पेटी दाखवली. त्याचे कान लाल झाले. पेटी तर त्यानेच सकाळी तपासली होती.

"हे ठोके त्यांचे नाहीतच," तो हळूच म्हणाला.

बायकोने सगळं ऐकलं होतं. ती जराशी ओशाळली आणि म्हणाली, "बोटाने काटे फिरवलेल्या घड्याळाची वेळ खरी मानत नाहीत, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत असते."

बाराच्या राउंडला मोठे सर आले. "काय मोजपट्टी सिस्टर, आज काय मोजलंत?"

"सहा, सर. तुम्ही एकदा त्यांचं कोपर वाकवून बघा."

सरांनी हसतच हात घेतला. मावशींनी पेशंटला वळवलं आणि सरांचं हसू गेलं. लाकडासारख्या ताठ हाताने त्यांचाच हात मागे ढकलला होता. त्यांनी तक्त्याचे दोन रकाने शेजारी शेजारी वाचले, एक न हलणारा आणि एक चढत-उतरत जाणारा. मग औषधाचा लहान डोस लिहिला आणि श्वासावर नजर ठेवायला सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा वळवलं. दोन गुण. श्वास मंदावला नव्हता, उलट खोल झाला होता.

बरोबर चारला नळी निघाली. घड्याळजी छातीशी उशी दाबून चांगले दणदणीत खोकले, आणि मावशींनी "शाब्बास" म्हणून घेतलं. बायको लगेच म्हणाली, "यांना काही दुखत नाही हो."

मोजपट्टीने नेहमीसारखं त्यांनाच विचारलं. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, आत्ता किती?

त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चार. सकाळी नऊ होतं."

"अहो, मग आजवर मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"तू आकड्यात कधी विचारलंस?"

दुसऱ्या दिवशीच्या राउंडला ज्युनिअर डॉक्टर तीन नंबरच्या पलंगाशी तक्ता वाचत होता. "ठोके नव्वद, पेसमेकरचे. रक्तदाब उत्तम. दुखणं..." इथे तो थांबला आणि आदबीने तिच्याकडे वळला. मोठे सरही पेन उघडून थांबले होते.

मोजपट्टीने घड्याळजींना विचारलं. त्यांनी तीन बोटं वर केली. "तीन, सर," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. मान मात्र बोटभर उंच.