धनश्रीची सव्वा मूठ

"शनिवारी सकाळी दहाला हॉस्टेलवर हजर. रविवार नहीं चाले, सोमवार नहीं चाले," भूपेंद्रसर दारातूनच बोलले. बाइक बंद करायचंही त्यांना सुचलं नव्हतं. "उखाभाई, आता नाही म्हणायचं नाही, ना नहीं पाडता हं!"

उखा जेवणाचा डबा सायकलला अडकवत होता. त्याने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सुरतेत पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये तो बावीस वर्षं कापड रंगवत होता. त्याच्या नखांकडे पाहून गल्लीतल्या बायकांना यंदा बाजारात कोणता रंग चालतोय ते कळायचं. त्याच्या तोंडाकडे पाहून मात्र कोणाला कधी काही कळलं नव्हतं.

त्याची एकुलती एक मुलगी धनश्री सतरा वर्षांची होती आणि फुटबॉलमध्ये गोल राखायची. हात असे लांबरुंद की बांगडीवाला दर वर्षी तिच्या मापाची बांगडी शोधताना घाम पुसायचा. भूपेंद्रसर दिवसभर मार्केटमध्ये साड्यांची पार्सलं बांधत आणि सकाळी नवागामच्या मैदानावर पोरींना फुकट खेळ शिकवत. अकरावीत टायफॉइडने धनश्रीचं वर्ष बुडालं, तेव्हा ही आता घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. भूपेंद्रसरांनी तिला ओपन स्कूलचा फॉर्म भरायला लावला. त्यामुळे बुडालेलं वर्ष भरून काढून ही वर्गातल्या मैत्रिणींबरोबरच बारावी पास होऊन मोकळी झाली होती. कोल्हापूरच्या एका कॉलेजने तिला मुलींच्या संघात घेतलं होतं. राहणं, खाणं, फी सगळं कॉलेजचं. फक्त शनिवारी शिबिर सुरू व्हायचं होतं, आणि जी मुलगी त्या दिवशी हजर नसेल तिचं नाव अठरा जणींच्या यादीतून जाणार होतं.

आणि रविवारी कानबाई होती.

श्रावणातल्या त्या रविवारी खानदेशातली घरं कानबाई बसवतात. नारळाला देवीचा साज चढवायचा, रोट करायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत बोळवण करायची. त्या दिवशी घरातलं माणूस घरात हवं, यात उखाच्या आईला, उषाबाईला, कधी शंका आली नव्हती.

"कानबाई बसी आनि पोर घरमा नई? आसं कधी व्हयनं का?" उषाबाई आतून म्हणाली.

"आजी, मी नाही गेले तर नाव कट होईल," धनश्री म्हणाली. "पूरा सीझन जाईल."

"जाऊ दे. कानबाई नाराज व्हयनी त काय करशी?"

धनश्रीने बापाकडे पाहिलं. उखाने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली आणि तो कामाला निघून गेला. बाप म्हणून ही काही शोभणारी गोष्ट नव्हती. मागे छायाने, त्याच्या बायकोने, पोरीची अर्धी भरलेली बॅग मुकाट्याने पुन्हा कॉटखाली सारली.

दिवसभर उखाचं कामात लक्ष नव्हतं. कापड रंगवायच्या जेट मशीनमधून गरम वाफ अंगावर आली तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या गजेंद्रने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. गजेंद्रही खानदेशातलाच. सोळा वर्षं दोघे एकमेकांच्या डब्यात जेवत होते. धनश्रीच्या निवड चाचणीला उखा दोन दिवस गेला, तेव्हा दोन्ही मशीनं गजेंद्रनेच सांभाळली होती. या पोरीसाठी किती जणांनी किती केलं, आणि आपण एकालाही धड तोंडाने बोललो नाही, हे उखाला त्या वाफेत उभं राहून फार लागलं. देवाने आपल्याला माणसं चांगली दिली, एवढं मात्र त्याने मनातल्या मनात कबूल केलं.

मग त्याला त्याचं पहिलं वर्ष आठवलं. एकोणिसाव्या वर्षी तो सुरतेला आला होता. तिथे कोसाड भागात एका खोलीत सात जण राहत. त्या कानबाईला रजा मिळाली नाही, आणि त्या रविवारी त्याने खिचडी खाल्ली. दिवाळीला गावी गेला तेव्हा आईने सांगितलं, तुझ्या नावाची गव्हाची मूठ मी काढली होती, तुझ्या वाटणीचा रोट तुझ्या बापाने खाल्ला. ते ऐकून तो गोठ्याआड जाऊन रडला होता.

शुक्रवारी सकाळी उषाबाई रोटाचे गहू घेऊन बसली. त्यांच्या घरची रीत अशी, की घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्याचे रोट करायचे. रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. गल्लीत कोणाकडे पाच मुठी, कोणाकडे नऊ. बाप वारल्यापासून या घरात पुरुष एकच, म्हणून मूठही एकच. शेजारणी चार चार दिवस रोट खात, तेव्हा उखाकडे सोमवारी दुपारीच भाकरी थापायला घेत.

"उखानी मूठ," म्हणत उषाबाईने सव्वा मूठ गहू सुपात टाकले, हात जोडले आणि ती उठायला लागली.

"माय, थांब," उखा म्हणाला. कामावर जायचे कपडे घालून तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "धनश्रीनी मूठ काढस का तू?"

"पोरीसनी मूठ नई काढतस."

"मंग तिले धरी ठेवस कसाले? मूठ नई, त तिले जाऊ दे."

चुलीपाशी छायाचा हात थांबला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण नवऱ्याने सासूला उलट विचारलेलं ती पहिल्यांदा ऐकत होती.

उषाबाई चिडली नाही. "घरनी पोर घरमा पाहिजे," ती एवढंच म्हणाली.

"मी सुरतले उनू, तवय मी त घरमा नव्हतू. तरी तू मनी मूठ काढी."

"तू कमावाले गयथा."

"हाई बी कमावालेच जाई ऱ्हायनी, माय." उखा थांबला नाही. "माले कोनी आडावं नई. म्हनीसन आज आपलं घर शे, आपली कानबाई शे. हिले नको आडावू."

उषाबाईने सुपातले गहू बोटाने सारखे केले. मग तिने आत पाहून हाक मारली, "ये धना! इकडे ये. हात धुई ये."

धनश्री ओल्या हातांनी आली. उषाबाईने गव्हाचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"काढ. तुनी मूठ तूच काढ."

या घरात आजवर कोणी आपली मूठ आपल्या हाताने काढली नव्हती. धनश्रीने डब्यात हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. गोलकीपरची मूठ ती. सुपात पडलेले गहू पाहून उषाबाईने कपाळाला हात लावला.

"बाई वं! हाई मूठ शे का पायली? आनि आजून पाव बाकी शे!"

छाया हसता हसता डोळ्यांना पदर लावून बसली. धनश्रीने आजीच्या गळ्यात हात टाकले, तेव्हा सूप लवंडता लवंडता वाचलं. तेवढ्यात उखाने वाकून कॉटखालची बॅग ओढून बाहेर काढली.

दुपारी तीनला बस होती. भूपेंद्रसर आणि त्यांची बायको हर्षदा दोन दिवसांची रजा टाकून पोरीला सोडायला जाणार होते. ना नात्याचे, ना गावचे. उखाने रस्ताभर एक वाक्य जुळवलं होतं, पण बस समोर आल्यावर ते कुठल्या कुठे गेलं. मग सामान चढवून झालं तसा तो खाली वाकला आणि त्याने सरळ भूपेंद्रसरांचे पाय धरले.

"अरे अरे, उखाभाई! आ शुं करो छो? मी लहान आहे तुमच्यापेक्षा!" सर दोन पावलं मागे उडाले.

"राहू द्या, सर. मला बोलता येत नाही," उखा म्हणाला.

सरांनी त्याला उठवून मिठी मारली. धनश्री खिडकीतून पाहत होती. बस हलली तेव्हा तिने हात बाहेर काढला आणि उखाने दोन्ही हातांनी तो घट्ट दाबून सोडला.

रविवारी कानबाई बसली. धनश्रीच्या मुठीचा रोट उखाच्या रोटापेक्षा दीडपट झाला आणि पाहायला आलेल्या शेजारणींना उषाबाईने तो नातीचा म्हणून हौसेने दाखवला. कोणी नाक मुरडलं की म्हणायची, "कमावाले गयी ती." नाव अठरामध्ये पक्कं झाल्याचा फोन त्याच संध्याकाळी आला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत गजेंद्रने नेहमीप्रमाणे उखाच्या डब्यात हात घातला. उखाने डबा हळूच बाजूला घेतला. सोळा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

"रोट शे," तो म्हणाला. "घरनासनीच खावाना."

"आज मंगळवार," गजेंद्र चकित झाला. "तुमना रोट त सोमवारीच सरी जातस. घरमा गडी तू एकला."

"दोन शेतस," उखा म्हणाला. "एक बाहेरगावले शे."

गजेंद्रने त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या डब्यातली गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी त्याच्या झाकणात वाढली. रोट दोन दिवसांत कडक झाला होता. उखाने पोरीच्या वाटणीचा एक तुकडा मोडला, पाण्यात बुडवला आणि मऊ व्हायची वाट पाहत बसला.